मास्तर, मेस्त्री आणि माएस्त्रो

मराठीत शिकवणारा तो मास्तर आणि सुतारकाम-गवंडीकाम करणारा तो मेस्त्री. पहिला शब्द इंग्रजांनी दिला, दुसरा पोर्तुगीजांच्या 'मेश्त्र'वरून आला. स्पॅनिश-इटालियनमधला 'माएस्त्रो' हा त्यांचाच भाऊ, आणि तिघांचा आजा लॅटिनमधला 'मागिस्तेर'. गिटार शिकायला लागल्यापासून हे तिघेही मला वारंवार भेटताहेत. तर मंडळी, आजचा विषय इतिहासाचा आहे, पण प्रश्न अगदी आजचा: मास्तर नेमकं काय देतो, आणि घरी एकट्याने नेमकं काय करायचं?

अमिरातीत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. इथला बहुतेकांचा मुक्काम नोकरीच्या व्हिसाला बांधलेला. २०१९ पासून काही जणांना दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा मिळू लागला हे खरं, पण गिटार शिकवणारे फिलिपिनो, गोंयकार, मलयाळी मास्तर आणि त्यांचे शिष्य बहुधा 'करार संपेपर्यंत' ह्याच हिशोबाने राहतात. माझे पहिले मास्तर वर्षभरात मनिलाला परतले. मागे राहिली एक वही. आपल्याकडे गुरू म्हणजे आयुष्यभराचं नातं. इथे गुरूलाही परतीचं तिकीट असतं. मग विद्या टिकते ती कशावर?

ह्याचं पहिलं उत्तर मला सापडलं ते बाराशे वर्षांपूर्वीच्या एका स्थलांतरितात. झिर्याब हा बगदादचा गवई. उत्तर आफ्रिकेतल्या कैरुआनमार्गे तो इ.स. ८२२ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोब्याला पोचला. खुद्द गुरूलाच त्याचा मत्सर वाटला म्हणून त्याला बगदाद सोडावं लागलं अशी कथा सांगतात. खरी-खोटी अल्ला जाणे. त्याने ऊद ह्या वाद्याला पाचवी तार जोडली, लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरली आणि संगीताची शाळा काढली असं अल-मक्करी हा सतराव्या शतकातला इतिहासकार जुन्या ग्रंथांच्या आधारे सांगतो. मधे आठ शतकं गेलेली, म्हणजे त्यात ऐकीव भाग बराच असणार. पण शिकवण्याच्या पद्धतीचं वर्णन मात्र चांगलं तपशीलवार आहे.

झिर्याब शिष्याला आधी काव्याच्या वृत्तावर ठेका धरायला लावी. मग साधी, विनासजावटीची चाल. आणि शेवटी हरकती-मुरक्या. आवाज बारीक असेल तर पोटाला पागोटं आवळून बांधायचं. जबडा उघडत नसेल तर तोंडात लाकडाचा तुकडा धरून झोपायचं! (कृपया घरी करून पाहू नये.) गंमत बाजूला ठेवा, पण ठेका, चाल, सजावट हा क्रम पाहा. आपल्याकडे तबलजी आधी बोल तोंडाने म्हणायला शिकतो, मग हात तबल्यावर पडतो. तीच गोष्ट.

आणि नवशिके गिटारवाले काय करतात? नेमकं उलटं. आवडत्या गाण्यातला सजावटीचा तुकडा आधी उचलतात आणि ताल मागाहून जुळेल म्हणतात. तो जुळत नाही. म्हणून घरच्या रियाजाची पहिली पाच मिनिटं गिटार हातात न घेता. मेट्रोनोम लावायचा, पायाने मात्रा धरायची, तोंडाने तुकडा म्हणायचा. जो तुकडा तोंडाने तालात येत नाही तो बोटांतून येणार नाही.

इथे एक खुलासा. ऊद हा गिटारचा बाप नव्हे. युरोपातल्या ल्यूटचा तो बाप. 'ल्यूट' हे नावच 'अल-ऊद', म्हणजे 'लाकूड', ह्यावरून पडलं. गिटार ही त्याच अंगणात वाढलेली चुलत बहीण म्हणा हवं तर. पण बोटांचा हिशोब दोघांचा एकच. नवव्या-दहाव्या शतकातले अल-किंदी, अल-फाराबी हे पंडित उदाच्या पट्टीवरल्या जागांना बोटांचीच नावं देतात: सब्बाबा, वुस्ता, बिन्सिर, खिन्सिर. म्हणजे तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि करंगळी. आजचा मास्तर पहिल्याच धड्याला 'एक, दोन, तीन, चार, एका फ्रेटला एक बोट' म्हणतो ते ह्याहून काय वेगळं?

आता सातशे वर्षांची उडी मारून त्याच स्पेनात येऊ. १५३६ साली वालेन्सियात लुईस मिलान ह्याने एक पुस्तक छापलं, नाव 'एल माएस्त्रो', म्हणजे 'मास्तर'. वाद्य होतं व्हिउएला: आकार गिटारसारखा, तारांच्या सहा जोड्या, जुळणी ल्यूटच्या वळणाची. पुस्तकाची प्रतिज्ञा अशी की ज्याने कधी वाद्य धरलं नाही त्याला हे पुस्तक गुरूसारखं शिकवेल, आणि म्हणून रचना सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. सहा आडव्या रेघा, त्यांवर आकडे, सगळ्यांत वरची रेघ म्हणजे सगळ्यांत बारीक तार. आजचा गिटारचा टॅब वाचता येणाऱ्याला ते पान बरंचसं ओळखीचं वाटेल! शिवाय कुठे घाईने वाजवायचं, कुठे सावकाश, हेही मिलान शब्दांत लिहितो. अशा सूचना छापणारं हे पहिल्याच पुस्तकांपैकी एक.

पण ह्याच पुस्तकात पुस्तकाची मर्यादाही दिसते. तार किती ताणायची? मिलान सांगतो, सोसवेल तितकी. आता नवशिक्याला तारेची सोशिकता कशी कळणार? तुटल्यावर! तिथे शेजारी बसलेला माणूसच हवा. पुस्तकाला ऐकू येत नाही, आजच्या व्हिडिओलाही ऐकू येत नाही. मनगट वाकलंय, अंगठा पट्टीला चिमटा काढतोय, दुसरी तार अर्धवट दबून भुणभुणतेय, हे ऐकणारा-पाहणारा मास्तरच. माझ्या मते मास्तरची पहिली किंमत ह्या कानाची आहे, माहितीची नंतर.

मिलानने हे पुस्तक अर्पण केलं पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव ह्याला. आपल्याला हा राजा परका नाही. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि १५२१ ते १५५७ हाच राजा गादीवर होता. त्याच शतकात गोव्यात चर्चला जोडून शाळा निघू लागल्या, आणि पुढे तिथला 'मेश्त्र' मुलांना सुरावली वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवू लागला. हेतू धर्माचा होता आणि त्या काळाची काळी बाजूही आपल्याला ठाऊक आहे. पण परिणाम असा झाला की पिढ्यान् पिढ्या गोंयकारांच्या हाती एक अशी विद्या आली जी कुठेही नेता येत होती. कागदावर लिहिलेलं संगीत वाचता येतंय ना, मग कराची काय, रंगून काय, आफ्रिका काय, काम मिळायचं.

मुंबईही त्यातलीच. सासष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) १९४३ मध्ये मुंबईत आले, सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले आणि शिकवूही लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला सिरॅक्यूस विद्यापीठात गेले. शिष्यांचं अडलं नाही. बोटं बसली होती, वाचन बसलं होतं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांचं नाव घराघरांत पोचलं ती प्यारेलालांची गुरुदक्षिणाच.

गिटारच्या घराण्यातलंही एक उदाहरण आहे. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२-१९०९) हा आधुनिक गिटारचा थोर शिक्षक, पण त्याने पद्धतीचं पुस्तक लिहिलं नाही. ते काम शिष्य एमिलिओ पुजोल ह्याने केलं. त्याच्या ग्रंथमालेचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, गुरू जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. म्हणजे वही शिष्याने लिहायची असते. बहुधा ती तशीच जास्त टिकते.

आता थोडं विज्ञान, कारण माझा धंदा तो आहे. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरचे दोन गट आठवड्याला साधारण २४ तास एकट्याने रियाज करत. शाळेत शिक्षक होऊ पाहणारा गट ९ तासांच्या आसपास. ह्यातूनच पुढे 'दहा हजार तासां'ची दंतकथा निघाली. २०१९ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा चांगले आणि सर्वोत्तम ह्यांच्यातला तासांचा फरक दिसलाच नाही. म्हणजे नुसते तास मोजून भागत नाही. पण एरिक्सनच्या व्याख्येत एक गोष्ट होती जी लोक विसरतात: रियाज शिक्षकाने आखलेला आणि शिष्याने एकट्याने केलेला. अर्धा मास्तरचा, अर्धा आपला.

हे सगळं माझ्या घरी कसं उतरतं ते सांगतो. दहा-बारा तास बाहेर असणाऱ्या माणसाला परवडेल असं. सुट्टीच्या दिवशी तीन तासांऐवजी रोज पंचवीस मिनिटं. पाच मिनिटं ताल, दहा मिनिटं फक्त दोन मात्राखंड, इतक्या सावकाश की चूक होणार नाही. एफ कॉर्ड बसत नसेल तर पूर्ण गाणं नाही, फक्त सी वरून एफ वर जाणं, वीस वेळा. पाच मिनिटं जुनं काही, मनासारखं. शेवटची पाच मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं आणि जे खटकेल ते वहीत, पुढच्या धड्याला मास्तरांपुढे ठेवायला. रात्री उशीर झाला तर तारांखाली रुमाल सरकवायचा, शेजारी दुवा देतात. आणि हो, गिटार एसीच्या झोताखाली ठेवू नका. बाहेर दमट, आत कोरडं, अशा हवेत लाकूड तडकतं.

बगदादची ती विद्या फिरत फिरत आखातातही आली. इराकी ऊदवादक नसीर शम्मा ह्यांनी २००८ मध्ये अबुधाबीत 'बैत अल-ऊद' सुरू केलं. उदाबरोबर तिथे वाद्य घडवण्याची कार्यशाळाही निघाली. मास्तर आणि मेस्त्री एका छपराखाली!

परदेशातला आपला संसार बराचसा भाड्याचा असतो. फर्निचर विकून जावं लागतं, शेजार सुटतो, मुलांची शाळा बदलते. बोटांत बसलेला ठेका मात्र सामानाच्या वजनात धरत नाहीत. म्हणून, इथे असाल आणि मास्तर मिळाला असेल, तर त्याच्याकडून गाणी कमी मागा, पद्धत जास्त मागा. तो कधी जाईल सांगता येत नाही. आपणही.