हवेच्या तळाशी

‘पंप पाणी ओढतो’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल, देव जाणे! शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. शास्त्राचे मास्तर रजेवर गेले की तो तास माझ्या वाट्याला येई. अशाच एका तासाला एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, “गुरुजी, पंप ओढतो, तर पाणी खोल गेल्यावर बाबा इंजिन विहिरीत का उतरवतात? वरूनच का ओढत नाहीत?” मी त्याला दटावून खाली बसवले. मला उत्तर ठाऊक नव्हते.

पुढे वाचू लागलो तेव्हा कळले की, ह्या प्रश्नापाशी खुद्द गॅलिलिओही अडला होता. असा पंप सुमारे दहा मीटरांपलीकडे पाणी चढवीत नाही, हे त्याने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदले. पण पाण्याचा स्तंभ स्वतःच्याच भाराने दोरासारखा तुटतो, असा त्याचा समज झाला. निसर्गाला पोकळी खपत नाही, असे जुने पंडित सांगत. मग हा तिटकारा नेमका दहा मीटरांवरच कसा संपतो?

गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेल्ली ह्याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. नळीत तो ७६ सेंटिमीटरच उभा राहिला. गुणाकार करून पाहा, पुन्हा दहा मीटरच हाती येतात! आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि तिचे वजनच पाऱ्याला वर रेटते, असे त्याने १६४४ मध्ये मित्राला लिहिले. म्हणजे पंप पाणी ओढीत नाही. तो फक्त नळीतली हवा काढतो, पाणी ढकलते ती बाहेरची हवा.

हा समुद्रच असेल, तर वर चढल्यावर त्याचा भार कमी व्हायला हवा. पास्काल पॅरिसात, प्रकृतीने नाजूक. त्याने क्लेरमाँला राहणाऱ्या मेहुण्याला, पेरिएला, पत्र घातले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काही मंडळींसह नळी आणि पारा घेऊन प्युई द डोम हा डोंगर चढला. सुमारे हजार मीटर वर पारा साडेआठ सेंटिमीटरांनी उतरलेला! त्याने देवळाच्या आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात असे पाच वेळा मोजून पाहिले. फरक तोच.

पण माझे मन त्या शिखरापेक्षा तळाशीच अधिक रेंगाळते. गावातल्या मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवली होती आणि एक साधू दिवसभर तिच्यावर डोळा ठेवून होता. तिथला पारा हलला नाही. ती नळी नसती, तर ‘हवा पालटली असेल’ म्हणून कोणीही पेरिएला गप्प बसवले असते. शंका घेणाऱ्याला दटावण्याऐवजी त्यांनी त्याच्यासाठी एक नळी आधीच राखून ठेवली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्या मुलाच्या मळ्यावर गेलो होतो. आता तोच शेती पाहतो. इंजिन विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर बसवलेले. व्यवहारात पंप सात-आठ मीटरांतच दमतो. काठावर बसून मी त्याला ही सारी हकीकत सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे गुरुजी, माझा प्रश्न बरोबर होता!”

“होय,” मी म्हणालो, “चुकले होते ते माझे दटावणे.”