कावड आणि खुर्ची

परळी वैजनाथाचें देऊळ पाहावयास गेलेल्या मनुष्याच्या डोळ्यांत प्रथम भरतात त्या तेथील प्रशस्त दगडी पायऱ्या. अठराव्या शतकांत अहल्याबाई होळकरांनीं या देवळाचा जीर्णोद्धार करविला. बीड शहरांतील कंकालेश्वर तर कुंडाच्या मधोमध उभा. त्याच्या कोरीव कामाची वाखाणणी करणारे पुष्कळ. परंतु अशा वास्तूंत अपंग मनुष्य पूर्वीं कसा जात असेल, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता. आमच्या ताईंस चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला, तेव्हां तो आला.

पूर्वींचें उत्तर एकच होतें: कोणी तरी उचलून न्यावें. श्रीमंतांस पालखी, मध्यमांस डोली, गरिबास मुलाची पाठ. श्रावणबाळाची कावड हा त्याचाच आदर्श. श्रावणाचे गोडवे आपण सर्वांनीं गायिले. कावडींत बसलेल्या मातापित्यांस काय वाटत असेल, हें विचारावयाचें मात्र राहून गेलें. ताई म्हणतात, "उचलणारा थकतो तें दिसतें, उचलला जाणारा अवघडतो तें दिसत नाहीं."

ही स्थिति पालटण्यास उपदेशापेक्षां एक यंत्र अधिक कारण झालें. खाणींतील अपघातानें पंगु झालेला अमेरिकन अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट व त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यांनीं १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, घडी करून मोटारींत ठेवतां येणारी खुर्ची तयार केली. खुर्ची प्रवासास निघाली. वाटेंतील पायऱ्या होत्या तेथेंच राहिल्या. आपल्याकडे अपंगांसाठीं स्वतंत्र कायदा व्हावयास १९९५ साल उजाडलें, आणि २०१६ च्या कायद्यानें सार्वजनिक इमारती सर्वांस सुगम असाव्या असें स्पष्ट सांगितलें.

जुन्या देवळाचा दगड फोडा असें कोणी म्हणणार नाहीं. आम्हीही म्हणत नाहीं. बाजूस लांकडी उतार ठेवला तरी पुष्कळ काम होतें. पण कालपरवां बांधलेल्या करमणुकीच्या उद्यानांस कसली सबब? गेल्या सुटींत मुलांच्या आग्रहावरून आम्ही अशा एका उद्यानांत गेलों. तिकिटाच्या खिडकीपर्यंत गुळगुळीत फरशी, आणि पुढें दारांतच दोन पायऱ्या! दोघे नोकर तत्परतेनें धांवत आले व ताईंस खुर्चीसकट उचलूं लागले. ताईंनीं हात वर करून त्यांस थांबविलें आणि विचारलें, "एखादी लांब फळी आहे का?"

फळी सांपडावयास अर्धा तास लागला. तोंवर मुलें आंत न जातां त्या पायऱ्यांवरच बसून राहिलीं.