मुख्य केबल (घरगुती वीजजोडणी)

वीजमीटरपासून घरातील वितरण पेटीपर्यंत (डीबी) जाणाऱ्या केबलला मुख्य केबल म्हणतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जुन्या माळवदी वाड्यांत, तसेच वाटणीनंतर मागे बांधलेल्या घरांत मीटर दर्शनी भिंतीवर, तर पेटी बरीच आत असू शकते. येथे वीजपुरवठा महावितरण करते. मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते.

पेटीतील एमसीबी केवळ पुढील परिपथांचे रक्षण करतात. मीटरलगत स्वतंत्र एमसीबी नसल्यास मधल्या केबलमध्ये शॉर्टसर्किट झाले, तरी ते तोडणारे ग्राहकाच्या बाजूला काहीच नसते. लांब जोडणीतील ही सर्वांत गंभीर उणीव होय.

अंतरासोबत व्होल्टेजही घटते. ३० मीटर लांबीच्या, २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमधून २० अँपिअर प्रवाह गेल्यास सुमारे ९ व्होल्ट घट होते. १० चौरस मिमी केबलमध्ये ती जेमतेम २ व्होल्ट असते.

मराठवाड्यात अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहते, पण उन्हाळ्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्यावर विसंबता येत नाही. अर्थिंगचा रोध २० ओहम झाल्यास २३० व्होल्टवर दोषप्रवाह ११.५ अँपिअरच राहतो आणि १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही. उपकरणाचे धातूचे आवरण मात्र जिवंत राहते. म्हणून पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक ठरतो.