मिदोरी इतो
मिदोरी इतो (जन्म १९६९, नागोया) : जपानी फिगर स्केटर. स्पर्धेत ‘ट्रिपल ॲक्सल’ साधणारी पहिली स्त्री (१९८८). या उडीत झेप समोर तोंड करून घ्यायची आणि उतरायचे पाठमोरे, म्हणून गिरक्या तीन नव्हे, साडेतीन होतात. बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याच्या सक्तीच्या फेरीत ती मागे पडे. तिच्या उड्यांचे मोल त्यामुळे उशिरा झाले, असे आम्हांला वाटते. १९८९मध्ये पॅरिसला ती जगज्जेती झाली, हा मान मिळवणारी पहिली आशियाई. १९९२च्या आल्बेरव्हील ऑलिंपिकमध्ये तिला रौप्यपदक मिळाले. तिथे ट्रिपल ॲक्सल घेताना ती पडली. त्याच सादरीकरणात, दमछाक झाली असताना, तिने तो पुन्हा घेतला आणि साधला. नागानो ऑलिंपिकची (१९९८) ज्योत तिच्याच हस्ते पेटली.