दप्तरात नसलेली साथ

एखाद्या घटनेचा एकही कागद सापडत नसेल, तर ती घडलीच नाही असे म्हणावे का? या जुन्याच प्रश्नासाठी आजच्या धाग्यात आपण रुमाल सोडणार नाही. ताहितीच्या रक्तपेढीत जाणार आहोत.

ताहिती हे प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाचे मुख्य बेट. डासांमुळे पसरणारा विषाणू म्हणून तेथे डेंग्यूच तेवढा परिचित होता. २०११ ते २०१३ या काळातील ५९३ रक्तदात्यांच्या नमुन्यांत निरनिराळ्या विषाणूंची प्रतिपिंडे शोधण्यात आली. डेंग्यूची सुमारे ८० टक्के दात्यांत आढळली. त्यात नवल नव्हते. झिकाची एक टक्क्याहूनही कमी, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये याच बेटांवर झिकाची मोठी साथ उसळली. खरा धक्का दिला तो रॉस रिव्हर या विषाणूने. सुमारे ३४ टक्के दात्यांच्या रक्तात त्याची खूण होती. आणि त्याची साथ येथे कधी आल्याची नोंदच नव्हती!

हा विषाणू ऑस्ट्रेलियाचा. क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिलजवळ, रॉस नदीच्या परिसरातील डासांत तो १९५९ मध्ये सापडला. ताप, पुरळ आणि महिनोन्महिने रेंगाळणारी सांधेदुखी ही त्याची लक्षणे. कांगारू आणि वॉलबी यांच्या शरीरात तो टिकून राहतो. १९७९-८० मध्ये तो फिजी, अमेरिकन सामोआ आणि कुक बेटांपर्यंत पोहोचला, साथ पसरली, ओसरली. जेथे कांगारू नाहीत तेथे तो तग धरणार नाही, असा समज त्यानंतर रूढ झाला.

मग ताहितीच्या वैद्यांना तो दिसला कसा नाही? अनेकांना संसर्ग होऊनही लक्षणे उमटत नाहीत; ज्यांना ताप व पुरळ आले, त्यांची गणना डेंग्यूत झाली असावी, असा माझा तर्क आहे.

आता साधनचिकित्सा. रक्तदाता म्हणजे धडधाकट प्रौढ मनुष्य. मुले आणि आजारी माणसे या दप्तरात येतच नाहीत. शिवाय नात्यातल्या विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांचा आभास निर्माण करतात. रॉस रिव्हरचा असा एक भाऊबंद म्हणजे चिकुनगुन्या. परंतु त्याची साथ फ्रेंच पॉलिनेशियात ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली, म्हणजे हे नमुने घेतल्यानंतर. तो संशय बराचसा मिटतो.

सर्वांत मोठी अडचण मितीची. प्रतिपिंड संसर्ग झाल्याचे सांगते, केव्हा झाला ते सांगत नाही. दात्यांची ती खूण १९८० ची की कालपरवाची?

येथे शेजारच्या अमेरिकन सामोआतील एक पाहणी उपयोगी पडते. तेथे २०१० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत रॉस रिव्हरची प्रतिपिंडे निघाली. संशोधकांनी त्यांची जन्मसाले पाहिली. १९७९-८० च्या साथीनंतर जन्मलेल्यांतही निम्म्याहून अधिक जणांत ती होती. जी साथ त्यांच्या जन्माआधीच संपली, तिचा संसर्ग त्यांना होणे शक्य नव्हते.

म्हणजे १९८० नंतरही विषाणू त्या बेटांवर फिरतच होता, आणि तोही एका कांगारूवाचून.