पस्तीस रत्तल दगड

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतींत कॅप्टन स्कॉट मागें पडला आणि परततांना चौघां सोबत्यांसह मरण पावला, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं शोधास निघालेल्या मंडळीस बर्फांत गाडली गेलेली त्याची राहुटी सांपडली. आंत तीन प्रेतें, रोजनिशी व पत्रें होतीं. आणि बाहेरील बर्फगाडीवर दगड होते. थोडेथोडके नव्हेत, पस्तीस रत्तल, म्हणजे सुमारें सोळा किलो. अन्न व तेल संपत आलेल्या माणसांनीं हें ओझें शेवटच्या मुक्कामापर्यंत कां ओढीत आणिलें, असा प्रश्न तेव्हांपासून विचारला जात आहे, आणि कित्येकांनीं त्यास शुद्ध वेडेपणा ठरविलें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं.

१७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोंचल्यावर, आमुंडसेन महिनाभर आधींच येऊन गेल्याचें पाहून, हीं पांच माणसें परत फिरलीं. ७ फेब्रुवारीस बिस्किटांच्या पेटींत एका पुऱ्या दिवसाचा शिधा कमी भरला. एव्हान्सच्या हातांस हिमदंश झाला होता. विल्सनचा पाय दुखावला होता. दुसऱ्या दिवशीं ते बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशीं, बकले पर्वताच्या पायथ्यास आले. वारा पडला, ऊन आलें, आणि कित्येक आठवड्यांनीं पायांखालीं बर्फाऐवजीं खडक लागला. स्कॉटनें तेथेंच मुक्काम ठोकून उरलेला दिवस दगड तपासण्यास दिला. विल्सन हा पेशानें डॉक्टर, आवडीनें प्राणिशास्त्रज्ञ व चित्रकार. भूगर्भशास्त्र हा कांहीं त्याचा विषय नव्हे. तथापि कोळशाच्या थरांत पानांचे ठसे त्याच्याच नजरेस पडले. शीर न् शीर उमटलेले.

अशा प्रदेशांत दगड गोळा करणें म्हणजे काय, याची कल्पना सह्याद्रीचे उघडे कडे पाहत वाढलेल्या आपणांस सहजीं येणार नाहीं. त्या खंडाचा शेंकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक भाग बर्फाखालीं आहे. खडक दिसतो तो शिखरांच्या अंगास, नाहीं तर हिमनदीनें वाटेंत खरडून काठाशीं आणून टाकलेल्या ढिगांत. आणि ढिगांतला धोंडा वरच्या कोणत्या थरांतून सुटला तें ताडावें लागतें. जाड हातमोजा घालून नोंद लिहितां येत नाहीं, आणि काढला तर बोटें क्षणांत बधिर होतात. हातोडीचें उघडें लोखंड कातडीस चिकटतें. शाई गोठते, म्हणून लिहावयाचें तें पेन्सिलीनें. बर्फावरून उलटणाऱ्या उजेडानें डोळे जातात तें वेगळेंच. विल्सननें जानेवारींत हेंही दुखणें भोगलें होतें.

त्याच मोहिमेंतील प्रीस्टली हा मात्र खराखुरा भूगर्भशास्त्रज्ञ. त्याला व पांच सोबत्यांना जानेवारी १९१२ मध्यें थोड्या आठवड्यांच्या शिध्यानिशीं दूरच्या किनाऱ्यावर उतरविलें. जहाज बर्फामुळें परत येऊं शकलें नाहीं. सहाही जणांनीं बर्फांत गुहा खोदून, सीलचें व पेंग्विनचें मांस खाऊन, चरबीच्या दिव्यांच्या धुरांत सबंध हिंवाळा काढला, आणि सारे जिवंत परतले!

आतां त्या पानांकडे वळूं. केंब्रिजच्या सीवर्डनें १९१४ मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पान निघालें ग्लॉसॉप्टेरिस इंडिका या जातीचें. नांवांतच आपला देश आहे. जिभेच्या आकाराचीं हीं पानें राणीगंजापासून आमच्या चंद्रपुरापर्यंत दगडी कोळशाच्या सोबतीनें आढळतात. नागपुरास ज्यांच्या नांवाचें कॉलेज आहे, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं गेल्या शतकाच्याही मागच्या शतकांत नागपूर व कामठीच्या परिसरांत अशा अश्मीभूत वनस्पति जमविल्या, आणि १८६१ मध्यें बनबरीनें त्यांवर लेख लिहिला. या थरांस मेडलिकॉटनें १८७२ सालीं गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ हें नांव दिलें. पुढें ऑस्ट्रियाच्या झूसनें तेंच उचलून दक्षिणेकडील एका प्राचीन महाखंडास लाविलें; कारण दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथेंही तेंच पान निघालें होतें. ध्रुवखंडांत १९०८ मध्यें शॅकल्टनच्या मंडळीस कोळसा दिसला होता, पण पान हातीं लागलें नव्हतें. तें विल्सनला लागलें.

कामठीस, आणि जेथें हिंवाळ्यांत महिनोन्महिने सूर्य उगवत नाहीं तेथेंही, एकच वृक्ष वाढावा कसा? मधली भूमि समुद्रांत बुडाली, असें झूसचें मत. खंडेंच एकमेकांपासून दूर सरकलीं, असें वेगेनरनें जानेवारी १९१२ मध्यें, म्हणजे स्कॉट ध्रुवाकडे चालत असतांनाच, फ्रांकफुर्टच्या एका सभेंत मांडलें. विद्वानांनीं त्यास बराच काळ हंसण्यावारी नेलें. १९६० नंतरच्या दशकांत समुद्रतळाच्या अभ्यासानें वेगेनरची मूळ कल्पना खरी ठरली. १९६९ मध्यें ध्रुवखंडांतील त्याच पर्वतरांगेंत लिस्ट्रोसॉरस या भूचर प्राण्याचीं हाडें सांपडलीं, ज्याचे अवशेष आपल्या दामोदर खोऱ्यांतही मिळाले आहेत.

राहिला वजनाचा प्रश्न. एका माणसाचा दिवसाचा शिधा किलोभर धरला तर सोळा किलो म्हणजे तिघांचें पांच दिवसांचें अन्न, असा हिशेब कोणी मांडील. पण दगडांसाठीं अन्न मागें ठेविलेलें नव्हतें. त्यांचा घात केला तो थंडीनें व पेट्यांत कमी भरलेल्या तेलानें. त्या वर्षींचा मार्च नेहमीपेक्षां पुष्कळच अधिक थंड होता, हें सुझन सॉलोमन यांनीं २००१ मध्यें हवामानाच्या नोंदींवरून दाखविलें आहे. शेवटचे दिवस तर ते चाललेच नाहींत. अन्नाच्या मोठ्या सांठ्यापासून अवघ्या वीसेक किलोमीटरांवर ते वादळानें अडकून पडले होते. राहुटींत निजलेल्यांना गाडीवरच्या ओझ्याचा भार कसला?

शिवाय ओझें कमी करण्याचा विचार त्यांनीं केला नव्हता असेंही नाहीं. ओट्स वादळांत निघून गेल्यावर १७ मार्चच्या सुमारास त्यांनीं मोजणीचें यंत्र, कॅमेरा आणि ओट्सची निजण्याची थैली वाटेंतच टाकून दिली, आणि विल्सनच्या खास विनंतीवरून दगड मात्र बरोबर घेतले. ते आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत आहेत.