भागविभाजनाची कुळकथा

जुन्नरच्या परिसरातील दोनशेहून अधिक लेण्यांमध्ये जे ब्राह्मी शिलालेख आढळतात, त्यांपैकी काहींत दानाबरोबर गुंतवणुकीचीही नोंद आहे. बांबूचे काम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे कारागीर यांच्या श्रेणींकडे, म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांच्या संघांकडे, रक्कम ठेवावी आणि तिच्या मासिक उत्पन्नातून धर्मकार्याचा खर्च चालावा, अशी ती व्यवस्था होती. नाशिकच्या लेण्यांतील उषवदात या दात्याच्या लेखात अशा ठेवीला अक्षयनीवी म्हटले असून, गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा शेकडा १ दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवल्याचे त्यात नमूद आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे, हा या ठेवीचा गाभा होय. मात्र श्रेणीचा धंदा दुप्पट झाला, तरी त्या वाढीवर ठेवीदाराचा हक्क पोचत नसे. भाग, म्हणजे आजचा शेअर, हा मालकीचा अंश असल्यामुळे धंद्याच्या वाढीबरोबर त्याची किंमतही वाढते, आणि या वाढीतूनच पुढे त्याचे तुकडे पाडण्याची गरज निर्माण झाली.

मालकीच्या अंशाची कल्पना मराठी मुलखाला नवी नव्हती. वतनातील हिश्शाला तक्षीम म्हणत आणि वारसांच्या संख्येप्रमाणे तिचे पोटहिस्से पडत. जमिनीचेही तसेच झाले. चार एकरांची दोघा भावांत वाटणी झाली, की सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या नावे दोन एकर उरतात आणि पुढच्या पिढीत तेही निम्म्यावर येतात; अशा तुकड्यांना आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात १९४७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. भागविभाजनाविषयीचे, म्हणजे एका भागाचे अनेक लहान भाग करण्याविषयीचे, बरेचसे गैरसमज या वाटणीच्या अनुभवातून येतात. वाटणीत मालक वाढतात आणि प्रत्येकाचा वाटा आटतो, तर भागविभाजनात मालक तोच राहतो, त्याची एकंदर मालकीही तेवढीच राहते, आणि ती मोजण्याचे माप तेवढे लहान होते.

हे माप म्हणजे दर्शनी मूल्य, अर्थात कंपनीने भाग काढताना त्यावर नोंदवलेली आणि जिच्यावरून भागभांडवल मोजले जाते ती रक्कम. दर्शनी मूल्य आणि बाजारभाव यांत केवढी तफावत पडू शकते, हे मुंबईने १८६४–६५ मध्ये अनुभवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात आला, बॅक बे येथे समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे भाग मूळ किमतीच्या अनेक पट दराने विकले गेले, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. पुढे दीर्घकाळ भारतात भागाचे दर्शनी मूल्य १० किंवा १०० रुपये असे ठरून गेले होते. कागदी प्रमाणपत्रांच्या त्या काळात विभाजन म्हणजे जुनी प्रमाणपत्रे परत घेऊन नवी छापणे असे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने भाग खात्यावरील नोंदीच्या रूपात ठेवता येऊ लागले, आणि त्याचा आधार घेऊन ‘सेबी’ या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने जून १९९९ मध्ये १० व १०० रुपयांचे बंधन काढून टाकले; दर्शनी मूल्य १ रुपयापेक्षा कमी नसावे आणि ते पूर्ण रुपयांत असावे, एवढी अट राहिली. भारतातील आजच्या भागविभाजनाचा खरा जन्म या निर्णयातून झाला.

एचडीएफसी बँकेचे उदाहरण घेतल्यास ही क्रिया स्पष्ट होते. या बँकेने २०११ मध्ये १० रुपयांच्या भागाचे २ रुपयांचे पाच भाग केले आणि २०१९ मध्ये २ रुपयांच्या भागाचे १ रुपयाचे दोन. म्हणजे २०११ पूर्वीच्या १०० भागांचे, काहीही खरेदी न करता, १,००० झाले. परंतु प्रत्येक विभाजनाच्या वेळी भागाचा भावही त्याच प्रमाणात खाली आला. लाभांश दर्शनी मूल्याच्या टक्क्यांत सांगण्याची प्रथा असल्यामुळे येथे अनेकांची गफलत होते: १० रुपयांवर २० टक्के म्हणजे २ रुपये, तर १ रुपयावर २० टक्के म्हणजे २० पैसे; पण भाग दहापट झालेले असल्याने हाती येणारी रक्कम तीच. कर आकारताना मूळ खरेदी किंमत नव्या भागांवर विभागली जाते आणि भाग बाळगल्याची मुदत मूळ खरेदीच्या तारखेपासूनच धरली जाते.

एकंदर मालकी बदलत नसेल, तर मग विभाजनाची बातमी येताच भाव का चढतो? फामा, फिशर, जेन्सन आणि रोल या अभ्यासकांनी १९२७ ते १९५९ या काळातील न्यूयॉर्क बाजारातील ९४० विभाजने तपासून १९६९ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात याचे उत्तर मिळते. असाधारण भाववाढ बहुतांशी विभाजनाच्या आधीच झालेली असते, आणि ज्या कंपन्या नंतर लाभांश वाढवतात त्यांचे भाव टिकतात, इतरांचे घसरतात. बाजार प्रतिसाद देतो तो नफ्याच्या अपेक्षेला. दीर्घकालीन परतावा कंपनीच्या कमाईतून येतो. विभाजनामुळे थोडक्या बचतीच्या माणसाला एखादा भाग घेणे परवडते आणि खरेदी-विक्री सुलभ होते. हा लाभ खरा आहे, आणि तो क्षुल्लक मानू नये. उलट बाजूला एमआरएफ ही टायर बनवणारी कंपनी आहे: दर्शनी मूल्य १० रुपयेच ठेवलेल्या या कंपनीच्या एका भागाचा भाव जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांवर गेला.

जुन्नरमधील विघ्नहर आणि आंबेगावमधील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांचे हजारो सभासदही भागधारकच आहेत, पण त्यांच्या भागावर विभाजनाची वेळ येत नाही. सहकार कायद्यानुसार सभासदाने कितीही भाग घेतले तरी त्याचे मत एकच असते, लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि सभासदत्व संपल्यावर परत मिळणारी रक्कम प्रत्यक्ष भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. भागाला बाजारभावच नसल्यामुळे त्याची किंमत दर्शनी मूल्यापासून फारकत घेत नाही. कारखान्याची भरभराट सभासदाच्या पदरात पडते ती मुख्यतः उसाच्या दरातून, आणि तो दर त्याच्या भागांच्या संख्येवर नव्हे, तर त्याने गाळपाला घातलेल्या टनांवर मिळतो.